ग्लासामागची अक्षरं

मंगळवारी पोट रिकामं करायचं, बुधवारी ते दुर्बिणीने आतून तपासून घ्यायचं, गुरुवारी दोघी बहिणींनी बसने आत्याकडे जायचं आणि शुक्रवारी आत्या विमानात बसणार, असा एकूण बेत होता. चार दिवस, चार कामं. दुसरीतल्या एखाद्या मुलावर सोपवला असता तरी त्याने तो नीट पार पाडला असता. पण तो पार पाडायचा होता ताईंना, आणि ताईंना वाचता येत होतं. सगळा घोटाळा तिथेच झाला.

आत्याचं आधी सांगायला हवं. ती अठ्ठ्याऐंशीची होती. या दोघींची आई लवकर गेली, आणि वेण्या घालण्यापासून परीक्षेच्या दिवशी पेन्सिलींना टोक करून देण्यापर्यंत सगळं आत्यानेच केलं. आता तिचा मुलगा तिला कायमची आपल्याकडे घेऊन चालला होता, समुद्रापलीकडे. त्या वयात इतक्या लांब गेलेलं माणूस परत येत नाही हे सगळ्यांना कळत होतं. बोलून कुणी दाखवत नव्हतं. आत्या फोनवर एवढंच म्हणाली होती, "बुधवारी सामान बांधून होईल. शुक्रवारी पहाटे आम्ही निघू. मधला गुरुवार तुमचा."

आणि तपासणी काही पुढे ढकलता येत नव्हती. तीन महिने ताईंचं पोट बिनसलं होतं. दोनदा रक्त दिसलं होतं. रक्ताची ही गोष्ट त्यांनी शेजाऱ्यांना कळू दिली नव्हती. फक्त धाकटीला पत्रात लिहिली, तीही हवापाण्याची चौकशी झाल्यावर, ताजा कलम म्हणून. धाकटी दुसऱ्या गावी पोस्टात होती. तिने तीन दिवसांची रजा टाकली आणि दोन ओळींचं कार्ड धाडलं: "मंगळवारी दुपारी येते. वाद घालू नकोस."

रुग्णालयाने एक छापील कागद दिला होता. मंगळवारी दिवसभर काहीही चावून खायचं नाही, फक्त पारदर्शक द्रव घ्यायचे. पाणी, कोरा चहा, गाळलेला फळांचा रस, गाळलेलं सूप चालेल. दूध नको, लाल किंवा जांभळं काही नको. संध्याकाळी पुडीतली पावडर दोन लिटर पाण्यात विरघळवून घोट घोट संपवायची. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या चौकटीत: "शंका असल्यास ग्लासामागे छापील मजकूर धरावा. अक्षरे वाचता आल्यास द्रव पारदर्शक समजावा."

ताईंनी ही चौकट वाचली आणि त्यांना आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं. कारण ताईंनी एकोणचाळीस वर्षं एका छापखान्यात प्रूफं तपासली होती. ओल्या कागदावरची, शाई पसरलेली, चहा सांडलेली, एकदा तर खिडकीतून गटारात पडून परत आलेली. छापखान्यात म्हणत, ताईंच्या हातात कोळसा दिला तरी त्या त्यातली चूक दाखवतील. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि त्या तीन वर्षांत त्यांना कुणी काही वाचायला दिलं नव्हतं. औषधांच्या बाटल्यांवरची माहिती वाचून त्या दिवस काढत होत्या. आता एका रुग्णालयाने, लेखी, त्यांच्या डोळ्यांवर विश्वास टाकला होता. तो कागद त्यांनी तीन दिवसांत अकरा वेळा वाचला. त्यात त्यांना पाच चुका सापडल्या. त्या त्यांनी पेन्सिलीने समासात नोंदवल्या आणि मग निवांत झोपल्या.

मंगळवारी सकाळी नऊपर्यंत सगळं ठीक होतं. दहा वाजता पोटात कावळे ओरडायला लागले. साडेदहाला शेजार जागा झाला.

पहिल्या आल्या समोरच्या वहिनी. त्यांच्या हातात झाकलेलं पातेलं होतं.

"ताई, उपाशी पोटी चक्कर येते हं. माझ्या जावेच्या भावाला आली होती. जिन्यावरून गडगडला. हे बिटाचं सूप आणलंय, अंगात रक्त भरतं."

"लाल," ताई म्हणाल्या.

"लालच असणार. बीट आहे."

"नियम आहे, वहिनी. लाल नको." ताईंनी कागद पुढे केला. वहिनींनी तो न वाचता परत केला, पातेलं उचललं आणि उंबऱ्यावरून म्हणाल्या, "कागदावर जगतात का माणसं?" ताईंना या प्रश्नाचा राग आला, कारण त्या एकोणचाळीस वर्षं त्याच्यावरच जगल्या होत्या.

या विजयाने त्यांचं पोट भरलं नाही, पण मान ताठ झाली. नियम आपल्याला कळतो आणि आपण तो पाळतो, याहून मोठं सुख मध्यमवर्गीय माणसाच्या वाट्याला क्वचित येतं. त्याच ताठ मानेने त्या बारा वाजता वरच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांना सामोऱ्या गेल्या, आणि तिथे घसरल्या.

शिंपीकाकांची हीच तपासणी दोन वर्षांपूर्वी झाली होती. त्यामुळे या विषयात ते स्वतःला डॉक्टरांच्या किंचित वर समजत. त्यांनी गळ्यातली मोजपट्टी काढून ठेवली आणि खुर्ची ओढली.

"ताई, मी काय घेतलं होतं सांगू? भोपळ्याचं सूप. पिवळं. लाल नाही, जांभळं नाही. हिने केलंय आज, तुमच्यासाठी."

"गाळलेलं हवं, काका."

"गाळलंय ना! अस्तराच्या कापडातून. दोन पदरी." त्यांनी 'दोन पदरी' हे शब्द असे उच्चारले की पुढे बोलायची सोय राहिली नाही.

त्यांनी ग्लासात सूप ओतलं. ते दाट नव्हतं. पण त्याला पारदर्शक म्हणायला मन थोडं मोठं करावं लागलं असतं. ताईंना भोपळ्याचा वास आला. सकाळपासून पोटात फक्त कोरा चहा होता. त्यांनी चष्मा पुसला, रुग्णालयाचा कागद ग्लासामागे धरला आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'शंका असल्यास ग्लासामागे छापील मजकूर धरावा. अक्षरे वाचता आल्यास द्रव पारदर्शक समजावा.'"

शिंपीकाका वाकून बघायला लागले. त्यांनी एक डोळा मिटला, मग दुसरा. "मला तर काही दिसत नाही, ताई."

"तुमचा नंबर वाढलाय, काका. सुईत दोरा ओवताना त्रास होत असेल."

"तो होतो खरा," शिंपीकाका खजील होऊन म्हणाले, आणि ताई दोन ग्लास सूप प्यायल्या. शिंपीकाकांनी त्याच आठवड्यात जाऊन नवा चष्मा केला. त्यांचा जुना नंबर बरोबर होता हे पुढे कळलं. पण नवा चष्मा त्यांनी फुकट जाऊ नये म्हणून सहा महिने लावला आणि त्या काळात शिवलेल्या बाह्या अजून लोकांच्या आठवणीत आहेत.

दुपारी दोनला धाकटी आली. खांद्यावर पिशवी, चेहऱ्यावर प्रवास. तिने आधी ताईंच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग ओट्यावरचं पातेलं.

"ताई, हे काय?"

"सूप. गाळलेलं."

"गढूळ दिसतंय गं."

"गढूळ आहे की नाही हे दिसण्यावर नसतं," ताई म्हणाल्या. "त्याला कसोटी आहे." आणि त्यांनी कागद ग्लासामागे धरून चौकट पुन्हा वाचून दाखवली. मध्ये कुठे अडखळल्या नाहीत. स्वल्पविरामालासुद्धा थांबल्या.

धाकटी बघत राहिली. ती पोस्टात होती. पुसट पत्ते तिलाही वाचता येत. ग्लासातून तिला पिवळ्या रंगापलीकडे काही दिसत नव्हतं. पण तिची थोरली बहीण चाळीस वर्षं तिच्या पत्रांतल्या चुका दुरुस्त करून परत पाठवत आली होती, आणि अशा बहिणीसमोर 'मला वाचता येत नाही' असं म्हणायला धीर लागतो. ती म्हणाली, "तुला कळतं ते बरोबर असेल." तिने पिशवीतून आत्यासाठी विणलेली शाल काढली. "बघ, तिकडे थंडी असते म्हणतात. किनार तुझ्याकडून करून घ्यायची होती. आज होईल?"

"होईल की. काम काय आहे आज? प्यायचं आणि बसायचं."

संध्याकाळपर्यंत कसोटी सैल होत गेली. जो ग्लास बारा वाजता सुपाला परवानगी देतो, तो तीन वाजता सफरचंदाच्या गराला नाही म्हणू शकत नाही. चार वाजता ताईंनी चहात दूध घातलं, अगदी नावापुरतं, आणि त्याच्यातूनही मजकूर वाचला. अक्षरं जरा धूसर होती. पण छापखान्यात याहून धूसर प्रूफं त्यांनी पास केली होती. शालीची किनार अर्धी झाली. मग पावडरीची वेळ झाली, आणि पुढच्या चार तासांत किनारीला हात लावायला ताईंना बसायलाच मिळालं नाही. त्या चार तासांबद्दल जास्त बोलण्यात अर्थ नाही. एवढंच की ताईंच्या घरात एकच न्हाणीघर होतं आणि धाकटी शेवटी समोरच्या वहिनींकडे गेली. वहिनींनी दार उघडून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "या. इथे बीट खाल्लेली माणसं राहतात."

बुधवारी सकाळी नऊ वाजता ताई रुग्णालयाच्या खाटेवर होत्या. अंगात पाठीमागे नाड्या असलेला झगा. त्या नाड्या आपल्या आपल्याला बांधता येत नाहीत, आणि कुणी बांधल्या तरी त्या बांधल्यासारख्या वाटत नाहीत. एकोणचाळीस वर्षं ज्यांच्याशी मालकसुद्धा उभं राहून बोलत, त्या ताई भिंतीला पाठ लावून कडेकडेने खाटेपर्यंत गेल्या.

डॉक्टर तरुण होते. "आजी, घाबरू नका हं," म्हणाले. ताई बासष्ट वर्षांच्या होत्या आणि त्यांना आजपर्यंत कुणी आजी म्हटलेलं नव्हतं. त्यांनी उत्तर द्यायचं ठरवलं, पण तोवर सुई टोचली होती.

पाच मिनिटांत डॉक्टरांनी सगळं थांबवलं. ताईंना पुरती गुंगीही आली नव्हती.

"आजी, काल काय घेतलंत?"

"पारदर्शक द्रव."

"मला आत आतडं दिसायला हवं. मला भोपळा दिसतोय."

धाकटीला आत बोलावलं. ताईंनी आपली बाजू मांडली: कागद, चौकट, कसोटी. पुरावासुद्धा होता, कारण तपासणी झाल्यावर पिण्यासाठी उरलेलं सूप त्यांनी थर्मासमध्ये आणलं होतं. डॉक्टरांनी ते एका ग्लासात ओतलं. मग एका औषधाच्या खोक्यातून माहितीपत्रक काढून ग्लासामागे धरलं.

"वाचा."

ताईंनी चष्मा लावला. चष्मा काढला. पुन्हा लावला. ग्लासात फक्त भोपळा होता.

"हा कागद बारीक छपाईचा आहे," त्या म्हणाल्या.

"बरं. आमचा कागद घेऊ." डॉक्टरांनी रुग्णालयाचा कागद उचलला आणि मागे धरला.

ताईंच्या जिवात जीव आला. "'शंका असल्यास ग्लासामागे छापील मजकूर धरावा,'" त्यांनी वाचलं, "'अक्षरे वाचता आल्यास...'" आणि त्यांचं लक्ष धाकटीकडे गेलं. धाकटीने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. तिचे खांदे हलत होते. डॉक्टरांनी ग्लास बाजूला केला. त्यांनी कागदाची कोरी बाजू धरली होती.

 एक नर्स ट्रे घेऊन बाहेर गेली. ट्रे रिकामा होता.

छापखान्यात एक नियम होता, आणि तो ताईंनीच नव्या मुलींना शिकवला होता: जो मजकूर पाठ झाला तो आपण तपासायचा नाही, तो दुसरीकडे द्यायचा. पाठ झालेलं माणूस वाचत नाही, नुसतं म्हणतं. हा नियम त्यांनी किती जणींना सांगितला असेल! आणि आता एका झग्यात, दोन नाड्यांच्या आधाराने, तो त्यांना कुणी न सांगता आठवला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल रिकामा झाला असता तर बरंच झालं असतं.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "आज पुन्हा पोट रिकामं करा. उद्या सकाळी आठचा पहिला नंबर देतो. साडेदहाला मोकळ्या व्हाल."

"उद्या आम्हाला गावाला जायचंय," ताई म्हणाल्या. "उद्या नको."

"मग पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे."

"चालेल."

"चालणार नाही," धाकटी म्हणाली. ती भिंतीकडून वळली तेव्हा हसत नव्हती. "डॉक्टर, आठला लिहा. साडेदहाला सुटलो तर बाराची बस मिळेल. दोनपर्यंत आत्याकडे पोचू. हिला बसने नेलं तर चालेल ना?"

"तुम्ही बरोबर असाल तर चालेल."

म्हणजे गुरुवार अजून हातात होता. अर्धा का होईना, होता. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे कित्येक वर्षं ताईंना झोप येत नसे तेव्हा त्या भोपळ्याशी थांबत नसत. भोपळ्याला त्या माफ करू शकल्या. पुढच्या अर्ध्या तासाला नाही.

धाकटी पावडरीची दुसरी पुडी आणायला औषधांच्या दुकानात गेली. ताईंना नोंदणीच्या खिडकीवर एक निळा फॉर्म भरायचा होता. नाव, वय, तक्रार, फेरतपासणीचं कारण, सोबतच्या व्यक्तीची सही. डॉक्टरांची सही आधीच खाली झालेली होती. तीन मिनिटांचं काम.

ताईंनी फॉर्म वाचला. सोबतच्या व्यक्तीचं नातं या रकान्यात छापलं होतं: पती, वडील, मुलगा, भाऊ. यांतल्या एकावर खूण करायची. ताईंना पती नव्हता, मुलगा नव्हता, वडील जाऊन तीस वर्षं झाली होती. आजारी बाईबरोबर बहीण येऊ शकते ही शक्यता फॉर्म लिहिणाऱ्याला सुचलीच नव्हती. आणि कारणाच्या रकान्यात एकच पर्याय आधीपासून छापलेला होता: "रुग्णाचा हलगर्जीपणा."

माणसाचा अपमान एका सकाळी किती वेळा व्हावा? ताईंचा हात आपोआप पर्समध्ये गेला आणि लाल पेन्सिल घेऊन बाहेर आला. त्यांनी 'हलगर्जीपणा' खोडला, वर 'गैरसमज' लिहिलं. नात्यांच्या यादीत बाण काढून 'बहीण' घातली. मग, हात चालूच होता म्हणून, वरच्या दोन ओळींतल्या चुका सुधारल्या आणि समासात खुणा केल्या. पान सुरेख दिसत होतं. खूप दिवसांनी त्यांच्या हातून असं काम झालं होतं.

खिडकीवरच्या बाईने फॉर्म दोन बोटांत धरला.

"हे काय केलंत?"

"दुरुस्ती."

"खाडाखोड झालेला फॉर्म चालत नाही."

"ही खाडाखोड नाही, बाई. तुम्ही हा असाच्या असा छापायला द्या, पुढची आवृत्ती बिनचूक निघेल."

"आवृत्ती नाही निघत आमच्याकडे. दुसरा फॉर्म घ्या, डॉक्टरांची सही आणा."

"मग सही आणते."

"डॉक्टर ऑपरेशनला गेले. एक वाजता येतील."

ताई बाकावर बसल्या. धाकटी पुडी घेऊन आली, तिने खिडकीवर विनवण्या केल्या, एका वॉर्डबॉयला गळ घातली. काही झालं नाही. एक वाजता डॉक्टर आले, दीड वाजता सही झाली, नवा फॉर्म खिडकीत गेला. धाकटीने त्यावर 'भाऊ'समोर खूण करून आपलं नाव लिहिलं होतं आणि बाईने ते न वाचता शिक्का मारला. मग तिने वही उघडली.

"आठचा नंबर गेला. आता अडीचचा आहे."

शेवटची बस चारला होती. गणित कुणी कुणाला सांगितलं नाही. रिक्षात बसल्यावर धाकटी म्हणाली, "पेन्सिल दे."

ताईंनी पर्समधून लाल पेन्सिल काढून दिली. धाकटीने ती आपल्या पिशवीत ठेवली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन ताईंनी आत्याला फोन लावला. "आम्ही तपासणी सोडून येतो," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळच्या बसने."

"खुळी आहेस का?" आत्याचा आवाज बारीक झाला होता पण सूर तोच होता. "तपासणी सोडून आलीस तर मी तुला आत घेणार नाही. आणि त्या धाकटीलाही एकटीला पाठवू नकोस. तुला शुद्ध नसताना तुझ्याजवळ कोण बसणार, शिंपी?"

बुधवारचा दिवस दोघींनी पाण्यावर काढला. धाकटीनेही. "तू कशाला?" ताईंनी विचारलं. "तुझ्यासमोर खायला मला जमायचं नाही," धाकटी म्हणाली. प्रत्येक ग्लास आता ती तपासत होती, कालच्या वर्तमानपत्राचं पान मागे धरून, मोठ्याने बातमी वाचत. त्यामुळे ताईंना कोऱ्या चहाबरोबर दोन चोऱ्या, एक पाणीटंचाई आणि एक सर्कस मिळाली. शिंपीकाका सूप घेऊन खाली आले होते. त्यांना धाकटीने जिन्यातूनच परत पाठवलं. शालीची किनार दोघींनी मिळून पुरी केली, एक इकडून, एक तिकडून.

गुरुवारी अडीचचा नंबर सव्वातीनला लागला. या वेळी आतडं दिसलं. एक गाठ होती, वाटाण्याएवढी. डॉक्टरांनी ती तिथल्या तिथे काढली. धाकटीला बाहेर बोलावून म्हणाले, "दोन महिने थांबला असतात तर ही गोष्ट इतक्यावर भागली नसती. आजी नशीबवान आहेत."

साडेपाचला घरी आल्यावर ताई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. 

"टॅक्सी सांग," त्या म्हणाल्या. "आठपर्यंत पोचू. तासभर बसू तिच्याजवळ आणि परत येऊ."

"झेपेल तुला?"

"झेपवते. टॅक्सी येईपर्यंत फक्त पाच मिनिटं पडते."

धाकटीने टॅक्सी बोलावली. शाल कागदात गुंडाळली. टॅक्सीवाल्याने खाली येऊन हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला. शेवटी धाकटी जिना उतरून गेली आणि त्याला हात जोडून परत आली.

शुक्रवारी सकाळी ताईंना जाग आली तेव्हा खिडकीत लख्ख ऊन होतं. त्या काही वेळ नुसत्या उन्हाकडे बघत राहिल्या. धाकटी पायाशी बसली होती, कालच्याच साडीत.

"का नाही उठवलंस?"

"तीनदा उठवलं. तिन्ही वेळा तू म्हणालीस, 'उठलेय मी.'"

"मग तू जायचंस. एकटीने जायचंस."

 धाकटीने आत जाऊन चहा केला, दूध घालून, दोन कप. बरोबर टोस्ट आणले. दोन दिवसांनी चावायला मिळत होतं आणि दोघींनाही ते गिळवेना.

साडेआठला फोन वाजला. फोन भिंतीवर होता, जरा उंच. छापखान्यातल्या लोकांनी निरोपाला दिलेला, काळा, वजनदार. ताई भिंतीला धरत गेल्या. पलीकडे माणसांचा कल्लोळ होता, कुणीतरी यंत्रातून काहीतरी सांगत होतं, आणि मग आत्याचा आवाज.

"कोण, ताई का? विमानतळावर आहे मी. काय निघालं गं पोटातून?"

"एक गाठ होती, आत्या. काढली. आता काही नाही."

"सुटले बाई. रात्रभर डोळा नाही माझा. धाकटी आहे ना तिथे?"

"आहे." ताईंनी फोन थोडा कलता धरला. धाकटीने आपला कान त्याला लावला. फोन एकच आणि कान दोन, त्यामुळे दोघींचे गाल एकमेकींना टेकले. किती वर्षांनी टेकले होते कुणास ठाऊक.

"काल वाट पाहिलीस का, आत्या?" धाकटीने विचारलं.

"छे! मी कशाला वाट बघतेय? वेळेवर जेवले आणि झोपले." तिच्या मुलाने पुढे पत्रात लिहिलं की स्वतःच येऊ नका म्हणाली होती तरी आत्या गुरुवारी दुपारी चारपर्यंत तीन ताटं मांडून खिडकीत बसली होती. पण ते पत्र यायला अजून महिना होता, आणि त्या सकाळी दोघींनी तिच्यावर विश्वास ठेवला. निदान तसं एकमेकींना दाखवलं.

"आत्या, तुझी शाल इथेच राहिली," ताई म्हणाल्या. "पोस्टाने पाठवते."

"पाठव. आणि ऐक," आत्या म्हणाली, "इथे मागे रांग लागलीय, मुलगा खांद्याला हात लावतोय माझ्या. एकेकीने बोलायला वेळ नाही. दोघी एकदम बोला."

"एकदम?"

"एकदम. मला कळेल. बोला लवकर."

आणि त्या एकदम बोलायला लागल्या. ताई काय म्हणत होत्या ते धाकटीला ऐकू येत नव्हतं, धाकटी काय म्हणत होती ते ताईंना. कुणी थांबलं नाही, कुणी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. पलीकडून आत्या म्हणत होती, "हं... हं... कळलं गं... हं..." मग तिचा आवाज गेला आणि फोनमधून नुसता एकसुरी भोंगा येऊ लागला. तरी दोघींपैकी आधी थांबायला कुणीच तयार नव्हती.